सोडलेल्या जागा

१७ एप्रिल २०२३, सोमवार : पुणे ते हर्णै

मामाकडे पेटी आणायला जायचंय म्हटल्यावर भाच्याला वाटलं, वाजवायची. तो घरी कीबोर्ड वाजवतो, त्याचा तरी काय दोष. शिवाय माझ्या मामाकडे दोन्ही पेट्या आहेत. एक आंब्याची, जी एप्रिल-मेमध्ये भरते आणि मुंबई-पुण्याला जाते. दुसरी खर्ज-नर सुरांची जुनी हार्मोनियम, जी कुठेच जात नाही; दर गुरुवारी घरातून देवळात आणि देवळातून घरात, एवढाच तिचा प्रवास. गेली पन्नास वर्षं मामा गावच्या भजनात बुवा आहे.

सरळ महामार्गानं गेलो असतो तर संध्याकाळी त्याच्या ओटीवर असतो. पण या खेपेला किनाऱ्याकिनाऱ्यानं, खाड्या फेरीबोटीनं ओलांडत जायचं ठरवलं होतं. तीन मुक्काम, घाई नाही. पहाटे पाचला निघालो. ताम्हिणीत चहाला थांबलो तिथे फोनला क्षणभर रेंज आली आणि अडकलेले मेसेज भसाभसा पडले. त्यातल्या एकात एवढंच होतं : अहमद जमाल गेला. काल, रविवारी. वय ९२.

ब्याण्णव वर्षं जगून, शेवटपर्यंत बरं वाजवून गेलेल्या जॅझ पियानोवाल्याबद्दल हळहळायचं तरी कसं? चहा गार वगैरे झाला नाही. प्यायलो, वर वडाही खाल्ला. फक्त गाडीत बसल्यावर भाच्यानं त्याचं काहीतरी लावलं होतं ते बंद केलं आणि माझं लावलं. शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये जानेवारी १९५८ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं. पियानोवर जमाल, बासवर इझ्रेल क्रॉस्बी, ड्रम्सवर व्हर्नेल फोर्निए. मागे ग्लास किणकिणतात, माणसं बोलतात. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून ही सीडी घेतली तेव्हा मी नोकरीला नुकताच लागलो होतो. पगाराच्या मानानं ती चैन होती. आता ते दुकानही उरलं नाही.

भाचा पाच मिनिटं गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, हा सॅम्पलवाला जमाल का?"

त्यांच्या पिढीला तो तसाच माहीत. जमालची १९७० ची एक रेकॉर्ड आहे, 'द अवेकनिंग'. तिच्यातले पियानोचे तुकडे कापून नव्वदच्या दशकात हिपहॉपवाल्यांनी आपल्या गाण्यांच्या बुडाशी घातले. नॅसच्या १९९४ च्या एका गाण्याचा पायाच त्यातला आहे. भाच्यानं ते लावून दाखवलं. खरंच, जमालचे चार-पाच सूर गोल गोल फिरतायत आणि वर पोरगा तोंडानं तडातडा बोलतोय. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. ज्यानं मुळात इतकी मोकळी जागा ठेवली, त्याच्या घरात कोणी बिऱ्हाड केलं तर तक्रार कसली?

ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस याच मोकळेपणावर लुब्ध होता. आपल्या पियानोवाल्याला, रेड गार्लंडला, तो जमालसारखं वाजव म्हणून सांगायचा. आणि त्याच वेळी काही समीक्षक जमालला 'कॉकटेल पियानिस्ट' म्हणून झटकून टाकत होते. हॉटेलात लोक जेवताना मागे वाजतं तसलं, गुळगुळीत. लोकांनी मात्र पर्शिंगची रेकॉर्ड शंभराहून जास्त आठवडे खपाच्या यादीतून हलू दिली नाही. लोक नेहमी बरोबर असतात असं मी म्हणत नाही. या बाबतीत होते.

माणगाव, महाड, कशेडी, खेड. महामार्गाबद्दल काही लिहीत नाही, पाठीला विचारा.

संध्याकाळी पाचला हर्णैच्या बंदरात पोचलो तेव्हा लिलाव ऐन भरात होता. ओल्या वाळूत सुरमई, पापलेट, कोळंबीच्या राशी, एकेका राशीभोवती माणसांचं कडं आणि प्रत्येक कड्यात वेगळा आकडा चढत चाललेला. दोन आकड्यांच्या मध्ये श्वास घ्यायलाही फट नाही. पलीकडे सुवर्णदुर्ग निवांत पाण्यात बसलेला. भाच्यानं पापलेटाचा भाव विचारला, तर कोळीणबाई त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "घ्यायचंय की विचारायचंय?" आम्ही मुकाट खानावळीत गेलो.

१८ एप्रिल, मंगळवार : हर्णै ते हेदवी

दाभोळची फेरी दुपारी गाठायची होती, पण बुरोंडीच्या अलीकडे चाक बसलं. स्टेपनीत हवा नाही. हा माझाच गलथानपणा, त्याबद्दल बहिणीनं फोनवरून सुनावलंच. पंक्चरवाला चाक घेऊन मोटरसायकलवरून गेला तो दोन तास आलाच नाही. आम्ही रस्त्याकडेच्या झाडाखाली बसलो. गुलमोहर. अजून पुरता पेटला नव्हता, शेंड्याकडे लाल आणि खाली नुसती कोवळी हिरवी पालवी. वाळलेल्या लांब शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या.

पुन्हा जमालच चालू होता. पर्शिंगच्या रेकॉर्डवरची सगळ्यांत गाजलेली चीज म्हणजे 'पॉइन्सियाना', आठेक मिनिटांची. पंचवीस वर्षं मी ती ऐकतोय, आणि पॉइन्सियाना हे कुणा बाईचं नाव आहे अशी माझी ठाम समजूत. स्पॅनिश डोळ्यांची, केसांत फूल माळलेली कुणी. भाचा फोनमध्ये डोकं घालून बसला होता. एकदम वर बघून हसायला लागला.

"मामा, बाई नाहीये. झाड आहे. आणि तू त्याला टेकून बसलायस."

रॉयल पॉइन्सियाना म्हणजे गुलमोहर. मूळचा मादागास्करचा, तिथून जगभर गेला; फ्रेंच वसाहतीतल्या द प्वान्सी नावाच्या गव्हर्नरावरून युरोपियनांनी त्याला हे नाव दिलं. गाणं १९३६ चं, मुळात एका क्यूबन लोकगीतावरून केलेलं. त्या लोकगीताचं नावच 'झाडाचं गाणं'. म्हणजे बाई मी मनानंच घातली होती. साताऱ्याला १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो तेव्हा कोणीतरी हे वाजवायला हवं.

झाडाखाली बसून झाडाचं गाणं ऐकताना पहिल्यांदा लक्ष गेलं ते फोर्निएकडे. तो न्यू ऑर्लिन्सचा, रस्त्यावरच्या मिरवणुकांतल्या ढोलांच्या गावचा. एकटाच वाजवतो, पण ऐकताना दोन माणसं वाजवतायत असं वाटतं. खाली क्रॉस्बी एकच वळण धरून राहतो, हलत नाही. या दोघांनी जमीन अशी पक्की धरलीय म्हणून जमाल निघून जाऊ शकतो. चार सूर वाजवतो आणि उठून जातो. तुम्ही वाट बघता. कधी परततो तर एकाच सुरावर, टिचकी मारल्यासारखा. कधी दोन्ही हातांनी अख्खी सर पाडतो. आणि कधी, तुम्हाला हवं असतं तिथे येतच नाही. पुढच्या वळणावर उभा असतो.

क्रॉस्बी पुढे चारच वर्षांत, १९६२ मध्ये गेला. हृदयविकारानं. त्याच वर्षी तो आणि फोर्निए जमालला सोडून दुसऱ्या वाद्यवृंदात गेले होते आणि जमालनंही काही काळ वाजवणं थांबवलं. हे माहीत असल्यापासून मला ती रेकॉर्ड जरा जास्तच जपून ऐकाविशी वाटते.

चाक आलं तेव्हा पाच वाजून गेले होते. दाभोळच्या धक्क्यावर पोचेस्तो ऊन उतरलं होतं. रमजानचे शेवटचे दिवस. बंदरालगतच्या जुन्या मशिदीकडे, जिला इथे अंडा मशीद म्हणतात, माणसं लगबगीनं चालली होती. फेरीत आमच्या शेजारी एका रिक्षात म्हातारे गृहस्थ, त्यांची सून आणि दोन नातवंडं. मुलांच्या मांडीवर स्टीलचे डबे, झाकणांवर हात गच्च धरलेले. वाशिष्ठी इथे इतकी रुंद होते की नदी कुठली आणि समुद्र कुठला ते विचारू नये. मध्यावर आलो आणि मागून, दाभोळच्या काठावरून बांग ऐकू आली. गृहस्थांनी खजुराचा पुडा उघडला, नातवंडांना दिला, सुनेला दिला, मग हात लांब करून आमच्यापुढे धरला.

"घ्या. वेळ झाली."

खजूर चघळताना मी भाच्याला सांगितलं की जमालचं जन्मनाव फ्रेडरिक रसेल जोन्स. १९३० मध्ये पिट्सबर्गला जन्मला, तिसऱ्या वर्षापासून पियानो. विशीच्या सुमारास मुसलमान झाला, नाव बदललं. 'पॉइन्सियाना'च्या पैशातून शिकागोत त्यानं अल्हम्ब्रा नावाचं उपाहारगृह काढलं, गाण्याबजावण्याचं, पण दारू नाही. जॅझचा अड्डा आणि दारू नाही! दोनेक वर्षांत बंद पडलं. रिक्षातले गृहस्थ कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "कोण, पाहुणे तुमचे?"

"नाही, पियानो वाजवायचे. अमेरिकेत. परवा वारले."

त्यांनी दोन्ही हात किंचित उचलले, ओठांत काहीतरी पुटपुटले आणि पुडा परत आमच्याकडे केला. दिवसभरात जमालच्या नावानं कोणी काही केलं असेल तर एवढंच.

धोपाव्याहून पुढे अंधार. गुहागर झोपायच्या तयारीत, हेदवी झोपलेली.

१९ एप्रिल, बुधवार : हेदवी ते मामाचं गाव

हेदवीला दशभुज गणेश आहे, पण आमची ओढ बामणघळीकडे. किनाऱ्यावर उमामहेश्वराचं छोटं देऊळ, त्याच्या पुढे काळ्या कातळात पडलेली उभी चीर. भरतीला लाट त्या चिरेतून आत घुसते आणि शेवटाला कोंडली की उसळून वर फेकली जाते. भरतीची वेळ काढायचा हिशेब मामानं लहानपणीच शिकवलाय : तिथीची पाऊणपट. आज चतुर्दशी, म्हणजे साडेदहाच्या आसपास. उद्या अमावास्या, त्यामुळे उधाणाचं पाणी.

दहापासून कातळावर बसलो. आधी वाटतं प्रत्येक लाटेला उडेल. तसं होत नाही. मोठी दिसणारी लाट आत जाते, घळीत नुसतं गुरगुरते आणि परत येते. पुन्हा एक, काहीच नाही. मग कुठलीशी साधी, लक्षही न गेलेली लाट आत शिरते, क्षणभर सगळं थांबतं, आणि पाणी तीन पुरुष वर. अंगावर फवारा येऊन आपण ओले झालो हे कळायच्या आत दुसरं काही घडून गेलेलं असतं. भाचा मोबाइल रोखून उभा होता. वीस मिनिटांत त्याच्या हाती एकही उसळी लागली नाही, सगळ्या थांबण्याचंच चित्रण झालं. मी म्हटलं, हेच ठेव.

मला कोकणातला समुद्र आणि जमाल यांची सांगड घालायचा मोह होतोय हे मला कळतंय. पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव, तिथून समुद्र दिसत नाही. सांगड इथेच सोडतो.

तवसाळ-जयगड फेरीत गर्दी, ऊन, दोन मिनिटं भांडण. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात गेलो. १८६६ मध्ये ते याच घरात जन्मले. बाहेर पडताना 'सतारीचे बोल' आठवली. अंधाऱ्या रात्री मन काळवंडून भटकणारा माणूस, एका खिडकीतून येणारी सतार, आणि ती ऐकता ऐकता बदलत गेलेला तो. सतार कोण वाजवत होतं हे कवितेत शेवटपर्यंत कळत नाही. मला परवापासून जे वाटतंय ते हेच असावं. मी या माणसाला कधी पाहिलं नाही, त्याच्या खिडकीखालून गेलो फक्त. पण पंचवीस वर्षं त्याच रस्त्यानं गेलो.

गणपतीपुळ्याला मोदक. आरे-वारेच्या घाटीवर सगळे थांबतात तसे थांबलो. रत्नागिरी ओलांडून पावसच्या पुढे मामाच्या घरी पोचलो तेव्हा दिवे गेलेले. मामी कंदील घेऊन उभी. "फेरीनं आलात? आणि काय मिळालं तिथे?" पानात काजूगरांची उसळ, आमरस, गरम घावन. उत्तर द्यायला तोंड रिकामं नव्हतं.

२० एप्रिल, गुरुवार : मामाकडे

अमावास्या, आणि सूर्यग्रहणही. आपल्याकडे दिसणार नाही म्हणून पाळायचं नाही असं मामीनं सकाळीच जाहीर केलं, आणि तरी दुपारी बारापर्यंत लोणच्याच्या बरणीला हात लावला नाही.

मामा चौऱ्याहत्तरचा. सकाळभर आंब्यात. खोलीभर आढी लावलेली, पेंढ्यातून वास येतोय, आणि तो एकेक फळ उचलून देठाकडे नाक नेऊन बाजूला करतोय. यंदा आंबा कमी. यंदा आंबा जास्त, असं मी त्याच्या तोंडून आजवर ऐकलेलं नाही. दुपारी जेवून ओटीवर आडवा झाला तेव्हा भाच्यानं छोटा स्पीकर त्याच्या उशाशी ठेवला.

"आजोबा, ऐका. काल-परवा वारले हे."

मामानं डोळे मिटले. 'पॉइन्सियाना' सुरू झालं. पहिली दोन मिनिटं काही नाही. मग त्याच्या उजव्या हाताची बोटं झोपाळ्याच्या कडीवर केरवा धरायला लागली. आठ मात्रा, बरोबर बसल्या. मध्येच जमाल थांबला. मामाची बोटं चालू. जमाल आला नाही. मामानं डोळे उघडले, स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गेला काय हा?"

"येईल."

आला. एका सुरावर. मामा उठून बसला. "मेल्या, आता कुठे यायचं!" म्हणाला, पण हसत. आणखी तीनदा लावायला सांगितलं.

आपल्याकडे गवई 'जागा घेतो'. काय जागा घेतली म्हणतो आपण, म्हणजे शब्द आणि ताल यांच्यामधल्या फटीत त्यानं एक सुंदर नक्षी भरली. शब्द जागा, आणि अर्थ जागा भरणं. मामाचं म्हणणं पडलं की हा माणूस उलट करतो. "हा जागा घेत नाही रे. सोडतो. आणि बाकीचे दोघं ती राखतात. कोणी आत शिरत नाही, हे खरं. आमच्यात मी क्षणभर थांबलो तर झांजवाले तिथे बाजार भरवतील."

मग पेटी बाहेर आली. त्यानं भाता मारून सुरावट शोधली, पाचेक मिनिटांत पहिली ओळ बसवली. भाच्यानं सांगितलं की जमाल पियानोवरून हातानं खुणा करायचा, आता या भागाकडे वळा, आता परत मुखड्याकडे. मामाला त्यात नवल वाटलं नाही, "ते बुवाला करावंच लागतं." त्याचा प्रश्न वेगळाच होता. त्यानं एक सूर दाबला आणि बोट उचललं. आवाज जिथल्या तिथे तुटला.

"बघ. पेटीवर बोट उचललं की सूर मेला. त्याच्या पियानोत मागे घुमत राहतो. त्यानं सोडलेल्या जागेत त्याचा सूर असतो थोडा वेळ. त्याला सोडणं परवडतं. मी सोडलं तर उघडा पडतो."

यावर मला काही बोलता येईना. पंचवीस वर्षांत जमालवर वाचलेल्या कशातही हे नव्हतं. तो दुपारभर तेच करत बसला. बोट उचलायचं, मोजायचं, परत यायचं. कधी भाता अर्धा भरलेला ठेवून सूर विझत न्यायचा. मामी आतून म्हणाली, "पेटी वाजवताय की दुरुस्त करताय?"

रात्री देवळात गुरुवारचं भजन. ट्यूबलाइट, फरशीवर सतरंजी, दहा-बारा माणसं. पखवाजावर एक तरुण, दिवसा रिक्षा चालवणारा; हात फार गोड. सुरुवातीचे दोन अभंग नेहमीसारखे, मामाचा आवाज वरच्या सुराला थोडा फाटतो आता, पण पेटी सांभाळून घेते. तिसऱ्या अभंगात अंतरा संपवून तो ध्रुपदावर यायचा, तिथे त्यानं बोटं उचलली. गाणंही थांबवलं. हात मांडीवर.

एक आवर्तन गेलं. झांजवाले एकमेकांकडे बघायला लागले, त्यांचे हात आपोआप हलके झाले. पखवाजवाल्याला काय करावं कळेना. पण त्यानं ठेका सोडला नाही, उलट आणखी साधा केला. दुसरं आवर्तन. देवळात नुसता पखवाज आणि बाहेर समुद्र. भाच्यानं माझं मनगट धरलं होतं. आणि मग समेच्या किंचित आधी, एकच सूर, खालचा, आणि त्यावर मामाचा आवाज, ध्रुपदाचा पहिला शब्द नव्हे, दुसरा. मागच्यांनी कुठून उचलावं या गोंधळात अर्धी ओळ वाया घालवली, मग सगळे एकदम आले.

भजन संपलं, पंचखाद्य वाटून झालं. पखवाजवाला पेटीपाशी येऊन वाकला, मागून भात्याच्या घड्या बोटानं चाचपायला लागला.

"बुवा, मधे हवा गेली काय? भाता फाटला वाटतं."

"जुनी झाली रे," मामा म्हणाला आणि झाकण लावलं. "बघू उद्या."

माझ्याकडे त्यानं बघितलंच नाही.